खारूला कोणी सांगायचं

१४ जून

ताई,

ताई म्हणायचा मला हक्क नाही, हे कळतं. पण ‘बाई’ लिहिलं तर सरकारी पत्र वाटतं आणि नावाने हाक मारायला मी वयाने लहान. राग आला तर तेवढा शब्द खोडा आणि पुढचं वाचा, कारण पुढचं माझ्याबद्दल नाही.

मी खारूच्या बाबांची दुसरी बायको. या घरात येऊन मला चार वर्षं झाली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. खारू मला मावशी म्हणते. तुमचा पत्ता जुन्या कागदांत सापडला.

खारू डिसेंबरात बारा पूर्ण करेल. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती तुमच्या कमरेला लागायची म्हणे. आता माझ्या कानाला लागते. शाळेच्या झग्याची शिलाई मी वर्षात दोनदा उसवून खाली घेतली, आता उसवायला कापडच उरलेलं नाही. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिकेने सगळ्या आयांना बोलावलं होतं. वर्गातल्या निम्म्या मुलींना पाळी सुरू झाली आहे, घरी नीट सांगून ठेवा, इथे ऐनवेळी रडारड होते, असं त्या म्हणाल्या. आमच्या लाँड्रीत पाळी म्हटलं की सकाळची की दुपारची एवढंच विचारतात. मी घरी येताना वाटभर मनाशी वाक्यं जुळवत आले.

सांगायला बसले तर खारूने दोन्ही कानांत बोटं घातली आणि सतराचा पाढा सुरू केला. मी गप्प झाले की ती गप्प. मी तोंड उघडलं की सतरा एके सतरा. शेवटी मी तिचे हात धरून म्हटलं, अगं, कधीतरी ऐकावंच लागेल ना? तर म्हणाली, “मला आई सांगणार आहे. तिने कबूल केलंय.”

तुम्ही तिची वेणी घालताना म्हणाला होता म्हणे, की तू मोठी झालीस की तुला एक गंमत सांगेन. तुम्हाला आठवतही नसेल. आपण मुलांना काय काय बोलून जातो. पण तिने ते जपून ठेवलंय.

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी तेरा वर्षांची, चुलतीकडे राहायला गेलेले. दोरीवरच्या उड्या मारताना आतलं काहीतरी फुटलं असं वाटलं. तीन दिवस मी कपडे पोटमाळ्यावर लपवले आणि मरायची वाट बघितली. चुलतीला वासावरून कळलं. तिने एक जुनं कापड फेकलं आणि म्हणाली, आता उड्या बंद. एवढीच माझी तयारी. खारूचं असं व्हायला नको.

म्हणून मागणं एवढंच, की या एका गोष्टीपुरतं तिला पत्र लिहा. दोन पानं पुरेत. हॉस्पिटल लाँड्रीच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. यांना मी हे पत्र लिहिल्याचं माहीत नाही. तुम्ही याआधी कधी काही पाठवलं असेल तर ते पोचलं नाही. आमच्याकडच्या टपालाचं काही खरं नसतं.

खारूची मावशी


९ जुलै

ताई,

उत्तर आलं नाही. माझीच चूक असेल, लिहायला जमलं नसेल. पण आता मला थांबता येत नाही.

खारू जेवत नाहीये. हे मला कळायला तीन आठवडे लागले. तुम्हीच तिचं नाव खारू ठेवलंत ना, गाल भरून बसायची म्हणून? गाल भरलेले दिसायचे आणि मी खुशाल समजायचे की पोर जेवतेय. ती घास गालांत धरून न्हाणीघरात जायची आणि थुंकून यायची. जाळीत अन्न अडकून पाणी तुंबलं तेव्हा उघड झालं. हे लिफ्ट दुरुस्त करतात, घरातल्या तुंबलेल्या गोष्टीही त्यांच्याच वाट्याला. जाळी हातात घेऊन ते नुसते उभे राहिले. हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी वजन केलं. मार्चपेक्षा चार किलो कमी.

बारीक मुलींना पाळी उशिरा येते, असं तिला वर्गात कोणीतरी सांगितलं होतं. तेवढ्यावर तिने हे आरंभलं. मी रागावले, समजावलं, पाया पडायची बाकी ठेवली. का, म्हटलं तर तोंडाला कुलूप.

मग परवाच्या शनिवारी शाळा लवकर सुटली आणि घराला कुलूप म्हणून ती लाँड्रीत आली. आमच्याकडे वॉर्डांतून चादरी येतात त्या आधी खाली जमिनीवर वेगळ्या करायच्या असतात, औषधाच्या एकीकडे, रक्ताच्या एकीकडे. बाळंतपणाच्या वॉर्डाचा गठ्ठा मी नुकताच सोडला होता. खारू दारात उभी आहे हे मुकादमबाईंनी मला सांगेपर्यंत ती तिथे नव्हतीच. शोधत शोधत गेले तर मागे सायकली लावतात तिथे, भिंतीला पाठ टेकून उकिडवी बसली होती. ओठ पांढरे. मी शेजारी बसले. बराच वेळ ती माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली,

“त्या चादरी ज्यांच्या आहेत त्या बायका घरी गेल्या का?”

मला उमगलं नाही. मी म्हटलं, हो तर, दोन दिवसांत बाळ घेऊन घरी जातात.

“माझी आई नाही गेली.”

ताई, मी लाँड्रीत नऊ वर्षं काढली. रक्त बघून मला काही होत नाही. पण तिने मग जे सांगितलं ते ऐकवेना. पाच वर्षांपूर्वी त्या सकाळी ती दात घासायचा ब्रश घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी होती, तुम्ही फरशीवर बसला होता, आणि फरशी लाल होती. एवढंच तिला आठवतं. मग शेजारच्यांनी तिला उचलून नेलं. तुमचं बाळ गेलं, तुम्ही हॉस्पिटलातून आलात त्या तुम्ही नव्हताच असं सगळे म्हणतात, आणि पुढे दोन महिन्यांनी तुम्ही भावाकडे गेलात. मधलं काही तिला आठवत नाही. तिच्या हिशेबी बाईला रक्त आलं की बाई घरातून जाते. आता ते तिला येणार, आम्ही सगळे सांगतो म्हणजे येणारच. मग ती कुठे जाणार?

मी म्हटलं, तसं नसतं गं, बघ, मला दर महिन्याला येतं, मी आहे ना इथे? तर म्हणाली, “तू मावशी आहेस.”

हे मला सोडवता येणारं नाही. ते रक्त वेगळं आणि हे वेगळं, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकायला हवं. तुम्ही जिवंत आहात, धडधाकट आहात, एवढं जरी दिसलं तरी ती घास गिळेल. दोन ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर नुसतं पाकीट पाठवा, वर तिचं नाव घालून.

मावशी


२० जुलै

ताई,

तुम्ही उत्तर का देत नाही, ते मला पहिल्या पत्रापासून ठाऊक आहे. तुम्ही म्हणत असाल, ही बाई कोणत्या तोंडाने मागते.

टपाल नीट पोचतं. तुमची अकरा पत्रं आली, सगळी मीच घेतली. पत्ता जुन्या कागदांत सापडला नाही, पाकिटांच्या पाठीवर होता.

मी या घरात आले तेव्हा यांनी मला एकदाच बजावलं होतं, तिचं पत्र आलं तर जाळून टाक. यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं. तुम्ही भावाकडे जायच्या आदल्या दिवशी खारूला शाळेतून आणायला गेला नाहीत, आणि ती संध्याकाळी सहापर्यंत शाळेच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसून होती. तुम्ही आजारी होता हे ते तोंडाने म्हणतात. पण ते चित्र काही जात नाही.

तेव्हा यांनी सांगितलं म्हणून, असं म्हणून मला सुटता येईल. पण मी पत्रं जाळली नाहीत, म्हणजे यांचं ऐकलंच नाही. आणि खारूला दिलीही नाहीत. लाँड्रीतल्या माझ्या कपाटात एका उशीच्या अभ्र्यात घालून ठेवली. फोडलं फक्त पहिलं. तुम्ही तिला लिहिलं होतं, की आता मला बरं वाटतं, मी एका रोपवाटिकेत कामाला जाते, तू ये म्हणालीस तर मी लगेच येईन, नाही म्हणालीस तर वाट बघेन.

ते आलं त्या आठवड्यात खारूला ताप होता. वर्षभर तिने मला अंगाला हात लावू दिला नव्हता. आणि त्या दुपारी ती आपणहून माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. दारात पोस्टमन. मी तिचं डोकं उशीवर सरकवलं, सही केली, परत येऊन बसले. पाकीट माझ्या पाठीमागे होतं. तिने झोपेत माझा हात चाचपडला आणि गालाखाली घेतला. मी तेव्हा ठरवलं, बरी होऊ दे, मग देईन. मग परीक्षा झाली की. मग मोठी झाली की.

मला मूल नाही. होणारही नाही, हे लग्नाआधीच माहीत होतं, म्हणूनच तर मी दुसरेपणावर दिली गेले. हे सांगून मी दया मागत नाही. तुम्हाला समजावं म्हणून सांगते, की मला तिच्या तोंडून मावशी नको होतं.

ती समजते की तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. त्या न्हाणीघरातून तुम्ही जिथे गेलात तिथून कोणी पत्र लिहीत नाही, असं ती समजते. आणि ती भीती अर्धी माझ्या कपाटात ठेवलेली आहे.

मी यांना आजच सांगणार आहे. तुम्ही म्हणाल तसं करीन.


८ ऑगस्ट

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. ‘पत्रं तिला द्या. मी अठराला येते.’ एवढंच. मी दहा वेळा उलटून बघितलं. दुसरीकडे काहीतरी असेल, निदान एखादी शिवी. तुम्ही मला चार शब्द ऐकवले असते तर सोपं गेलं असतं.

यांना सांगितलं तेव्हा ते हत्यारांची पेटी पुसत होते. ऐकून घेतलं. एकेक पाना पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाले, मी जाळ म्हणालो होतो, तू ठेवलीस, म्हणजे तू माझ्यापेक्षा बरी. मी म्हटलं, मी बरी नाही. तुमचं कार्ड दाखवलं तेव्हा विचारलं, ती एकटी येणार का, स्टेशनवर कोणी जायला हवं का. या चार वर्षांत त्यांनी तुमच्याबद्दल विचारलेलं एवढंच.

पत्रं मी परवा दिली. शाळेतून आली, हातपाय धुतले, मी अभ्रा टेबलावर ठेवला. हे काय, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आईची पत्रं, तुझी आहेत. तिने पाकिटं मोजली नाहीत, घाई केली नाही. तारखा बघून क्रमाने लावली, जशी ती वह्या लावते. एक फोडलेलं होतं ते तिच्या हाताला लागलं.

“हे तू वाचलंस?”

“हो.”

“बाकीची?”

“नाही.”

तिने ते पत्र उघडून माझ्यासमोरच वाचलं. लहान होतं, तुम्हाला माहीतच आहे. वाचून झाल्यावर तिने नीट घडी घातली.

“म्हणजे मी ये म्हटलं असतं तर आई आली असती.”

मी हो म्हटलं.

“आणि तुला हे माहीत होतं.”

पुन्हा हो म्हणावं लागलं. ती रडली नाही, ताई. रडली असती तर मला जवळ जाता आलं असतं. ती अभ्रा घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी मी ताट नेऊन दाराशी ठेवलं. ते तसंच परत आलं. आज सकाळी यांनी दूध नेलं, ते प्यायली. यांच्याशी बोलते. मला मावशीही म्हणत नाही आता. हाक मारायची वेळ आली की थांबते, आणि मी वळून बघेपर्यंत वाट बघते.

तुम्ही या. तिचं वजन अजून वाढलेलं नाही.


२ सप्टेंबर

ताई,

तुम्ही गेल्यापासून लिहीन म्हणते आहे. त्या दिवशी तुमच्याशी दोन शब्दही धड बोलता आले नाहीत. तुम्ही जिना चढून आलात तेव्हा मला वाटलं होतं कोणी खंगलेली बाई येईल. नखांत माती असलेली, उन्हाने रापलेली, घरच्यासारखी बाई आली. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि तुम्ही माझ्या हातून तो घेतलात, प्यायलात आणि ‘दमलात ना’ असं मलाच विचारलंत. ते मी विसरणार नाही.

तुम्ही दोघी आत असताना आम्ही दोघं बाहेर जिन्यावर बसलो होतो. आतलं मी ऐकलं नाही. हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पण नाही ऐकलं. मध्येच खारूचं हसणं ऐकू आलं तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तिला असं हसताना आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. घशातून येणारं, थोडं फाटकं. तुमचंच ते हसणं, असं हे मला नंतर म्हणाले.

तुम्ही गेल्यावर ती यांना सगळं सांगत होती. मी ओट्याशी होते, मला ऐकू जावं म्हणून नव्हे, पण मी आहे म्हणून थांबलीही नाही. म्हणाली, बाळ आतच गेलं होतं म्हणून ते रक्त आलं, ते आजाराचं. आणि हे येतं ते शरीर घर झाडून ठेवतं म्हणून येतं, पाहुणा आला नाही की पसरलेलं अंथरूण उचलतं. आई रक्तामुळे गेली नाही, आईला डोक्यात काळोख झाला होता आणि त्या काळोखात ती माझ्याजवळ राहिली असती तर मला लागलं असतं, म्हणून गेली. मग म्हणाली, आईने मला सॉरी म्हटलं, बाबा. शाळेच्या पायरीबद्दल.

यांनी तोंड फिरवलं.

मी दोन महिने शोधत होते ती वाक्यं. तुम्ही ती तासाभरात सांगितलीत. रात्रीच्या जेवणाला तिने ताट पुढे ओढलं आणि खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. मी वाढत होते. मला एवढा आनंद झाला आणि त्याच वेळी आत काहीतरी इतकं तुटलं, की मला आमटीची वाटी खाली ठेवावी लागली.

आज वजन केलं. दीड किलो वाढलं. काटा डॉक्टरबाईंनी वाचला, मी दाराबाहेर होते. तिने मला आत बोलावलं नाही.


२१ ऑक्टोबर

ताई,

सहामाहीच्या सुट्टीत ती तुमच्याकडे आली ती आता तिथेच राहणार, असं तिचं पत्र यांना गेल्या आठवड्यात मिळालं. ‘बाबा, मला इथल्या शाळेत घाला. तुम्ही महिन्यातून एकदा या.’ मला काही लिहिलेलं नव्हतं. यांनी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा, आत आणखी एखादी चिठ्ठी राहिली असेल म्हणून. माझ्यासाठी झटकलं, हे मला कळलं.

त्यांनी मला विचारलं, काय करायचं? मी म्हटलं, राहू द्या. असं म्हणताना मला वाटत होतं की ते नाही म्हणतील. त्यांनी हो म्हटलं. ते चार दिवस कामावर गेले नाहीत. पाचव्या दिवशी गेले आणि एका इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकवून परत आले. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

तिचं सामान उद्या यांच्याबरोबर पाठवते. शाळेचा दाखला आत आहे. निळी पिशवी मात्र तिच्या हातात देऊ नका, तुमच्याजवळ ठेवा. मी जूनमध्येच भरली होती. तिने दोनदा परत केली. पॅड आहेत, पातळ आणि जाड दोन्ही, सुरुवातीला पातळच पुरतील. गडद रंगाच्या चार चड्ड्या आहेत. दोन मी आधी धुऊन ठेवल्या, नवं कापड तिला टोचतं. शाळेच्या दप्तरात नेहमी एक जास्तीचं ठेवा आणि तिला माहीत असू द्या की ते कुठल्या कप्प्यात आहे. वर्गात उठायला लाजली तर काय म्हणायचं, ते आधीच ठरवून ठेवा. तिला आयत्या वेळी सुचत नाही, मग ती पाढे म्हणते. छातीला धक्का लागला तर कळवळते, दुखतं तिला, पण सांगत नाही. कुशीवर झोपायला लागली आहे, त्यावरून मी ओळखलं. डागाला गार पाणी, गरम नव्हे, हे तुम्ही जाणताच, पण मी लाँड्रीवाली, लिहिल्याशिवाय राहवत नाही. चिडली तर तिला एकटं सोडा. पण दार लावू देऊ नका, नुसतं लोटायचं.

आणि तो दिवस आला की तिला काही बंद करू नका. उड्या तर मुळीच नाही.

एवढं मी तिला शिकवायचं म्हणून गोळा केलं होतं. तुम्ही ते मला न सांगताही केलं असतं, हे जाणते. पण माझ्याजवळ ठेवून मी त्याचं काय करू?


१७ जानेवारी

ताई,

तुमचं पत्र काल आलं. घरच्या पत्त्यावर आलं, पोस्टमनने यांच्याच हातात दिलं आणि यांनी न फोडता मला दिलं, कारण वर माझं नाव होतं. आमच्या घरात आता पाकिटांचं असं आहे.

मंगळवारी सकाळी शाळेत जायच्या आधी झालं, हे वाचलं. तिने न्हाणीघरातून तुम्हाला हाक मारली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘आई, आलं वाटतं.’ घाबरली नाही. तुम्ही आत गेलात तर ती आरशात स्वतःकडे बघत होती, काही बदललंय का ते. मग तुम्ही दोघी रोपवाटिकेत गेलात, शाळा बुडवून, आणि दिवसभर ती तुमच्याबरोबर कुंड्या भरत होती. दुपारी पोट दुखलं तेवढंच. पोटभर जेवली.

हे सगळं मी वाचलं, आणि मग पुढची ओळ. तुम्ही विचारलं की मावशीला कळवू या ना, आणि ती म्हणाली, ‘मावशीला सांगू नकोस.’

ताई, तुम्ही ती ओळ गाळू शकला असता. मला कधी कळलंही नसतं. तुम्ही लिहिलंत, ‘ती नको म्हणाली, तरी मी लिहिते आहे, कारण तुम्ही सात महिने याच दिवसाची वाट बघत होता आणि तुम्हाला खोट्यावर ठेवणं मला जमणार नाही.’ मी तुमची अकरा पत्रं गाळली. तुम्हाला माझी एक ओळ गाळता आली नाही.

मी कामावर गेले. मुकादमबाई म्हणाल्या, डोळे का लाल? मी म्हटलं, वाफेने. त्या तीस वर्षं त्याच वाफेत उभ्या आहेत. त्यांनी मला इस्त्रीवरून उठवलं आणि घड्या घालायला बसवलं.

संध्याकाळी यांना सांगितलं, की झालं, बरी आहे, घाबरली नाही. ती ओळ नाही सांगितली. ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, मोठी झाली. आणि थोड्या वेळाने, “तू केलंस गं बरंच.” मी त्यांना म्हटलं, जेवायला बसा.

पुढची पाळी तीस दिवसांनी येईलच असं नाही. पहिल्या वर्षी दोन-दोन महिनेही जातात. घाबरू नका, तिलाही सांगून ठेवा. फार जास्त गेलं, चक्कर आली, तर मात्र डॉक्टरला दाखवा.

मला कळलंय हे तिला सांगू नका, असं मी इथे लिहिलं होतं. खोडलं, वर दिसेल तुम्हाला. ते लिहिताना माझा हात अगदी सहज चालला, म्हणून भीती वाटली. तेव्हा असं करा. तिने विचारलं की मावशीचं पत्र आलं का, तर हो म्हणा. वाचायला मागितलं तर हेच द्या, सगळं, खोडलेल्यासकट. ती तुमच्यावर चिडेल, की सांगू नको म्हटलं होतं तरी सांगितलंस. चिडू द्या. तुमच्यावर चिडून ती तुमच्याजवळच राहील, तेवढी तुम्ही तिची आई आहात.

आणि तिने विचारलंच नाही, तर ते मला लिहून कळवा. ‘विचारलं नाही’ एवढंच लिहा. मी वाचेन.